१ जूनवाले आणि १ जानेवारीवाले : बीडमध्ये ‘निवृत्त’ कोणाला म्हणायचं?



‘पेट’ झाली की सिनॉप्सिसचे दिवस येतात, आणि त्या दिवसांत एका ठरावीक साच्यातला विषय हमखास समोर येतो. ‘निवृत्त आणि पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या व्यक्तींच्या जीवनाचा तुलनात्मक अभ्यास, विशेष संदर्भ : बीड जिल्हा.’ विषय वाईट नाही. दोन गट, एक प्रश्नावली, दोन्हीकडची थोडी थोडी माणसं, शेवटी टी-टेस्ट. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आले तेव्हा मीही असाच आराखडा करून गाईडसमोर ठेवला होता. त्यांनी तो चाळला आणि एवढंच विचारलं, “ऊस तोडणारी म्हातारी माणसं यातल्या कुठल्या गटात टाकणार?”

मला उत्तर देता आलं नाही. ती निवृत्त नाहीत, कारण त्यांना कुणी निवृत्त केलेलं नाही. पूर्णवेळ नोकरीतही नाहीत, कारण नोकरीच नाही. मग त्यांना वगळायचं? बीड जिल्ह्याचा संदर्भ घ्यायचा आणि ऊसतोड वगळायची, तर उरतं काय? त्या एका प्रश्नापायी मी बरेच महिने आकडेमोड सोडून इतिहास वाचत बसले. तुमच्यापैकी कुणी असा विषय घेणार असेल, तर त्यातलं काही आधीच हाताशी असावं म्हणून हा लेख.

सुरुवातीला एक छोटा प्रयोग करा. घरातल्या किंवा गल्लीतल्या साठीच्या पुढच्या दहा-बारा माणसांना कागदावरची जन्मतारीख विचारा. एकाच तारखेला जन्मलेली इतकी माणसं तुम्हाला दुसरीकडे सापडायची नाहीत. जे शाळेत गेले त्यांची तारीख बहुधा १ जून. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांच्या आधारकार्डावर बऱ्याचदा १ जानेवारी. जन्म वर्षभर सारखे विखुरलेले असते, तर ३६५ माणसांमागे साधारण एकच १ जूनवाला सापडायला हवा. आमच्या मामांच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये एकेका पानावर तीच तारीख खालपर्यंत उतरत गेलेली मी पाहिली आहे.

१ जूनचं कारण तुम्हाला ठाऊक असेल. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी वस्तीवर जाऊन पोरं गोळा करायचे. आईला तारीख विचारली की उत्तर मिळायचं, “नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालाय, त्या साली पाऊस लई होता.” पहिलीसाठी लागणारं वय शाळा उघडताना पुरं झालेलं दिसावं म्हणून गुरुजींनी सरळ १ जून टाकायचं आणि साल अंदाजाने मागे मोजायचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. कायदा झाला म्हणून वस्तीवरच्या बाळंतपणाची नोंद लगेच व्हायला लागली असं नाही. त्याआधी, निजामाच्या काळात, बीड हैदराबाद संस्थानात होतं आणि सरकारी कागद उर्दूत, फसली सनात. (फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांना हा हिशेब आता पाठ झालाय.)

१ जानेवारीचं कारण त्याहून साधं. आधार नोंदणीच्या वेळी ज्यांच्याकडे जन्माचा पुरावा नव्हता त्यांचं अंदाजे वय विचारलं गेलं, त्यावरून साल काढलं गेलं आणि तारखेच्या रकान्यात वर्षाचा पहिला दिवस बसला.

ही नुसती गंमत नाही. माणूस निवृत्त होतो की नाही, हे या दोन तारखांच्या फरकावर बरंच ठरतं.

पेन्शन आधी कुणाला होती?

‘निवृत्ती’ शब्द आपल्याकडे फार जुना, पण त्याचा नोकरीशी संबंध नव्हता. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही अध्यात्मातली जोडी. ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचं नाव निवृत्तिनाथ ठेवलं गेलं तेव्हा कुणाच्या डोक्यात ग्रॅच्युइटी नव्हती. कामातून माणूस एका ठरलेल्या दिवशी सुटतो, ही कल्पना गावगाड्यात बसतच नव्हती. पाटीलकी, कुलकर्णी ही वतनं होती आणि वतन घराण्याचं असायचं. बाप थकला की लेक बसायचा. सुतार, लोहार, कुंभार यांना बलुतं खळ्यावर मिळायचं तेही घराला. हात चालेनासे झालेला म्हातारा लोहार भात्याशी बसायचा, ऐरणीवर पोरगा. म्हातारपणात काम हलकं होत जायचं, पण संपायचं नाही, आणि धान्यातला वाटा घरात येत राहायचा. (हे चित्र गोड मानू नका. ज्या जातींच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढणं आणि गावकीची वेठ आली होती, त्यांनाही ते पिढ्यान्‌पिढ्या सोडता येत नव्हतं.)

पेन्शन हा शब्द महाराष्ट्रात आला तो राज्य गेलेल्यांना मिळणारी रक्कम म्हणून. मराठी इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध पेन्शनर म्हणजे दुसरा बाजीराव. १८१८ मध्ये त्याने शरणागती पत्करली आणि वर्षाला आठ लाख रुपये घेऊन तो बिठूरला, ब्रह्मावर्ताला, जाऊन राहिला. १८५१ मध्ये तो वारला आणि कंपनीने नानासाहेबांना ती रक्कम नाकारली. म्हणजे पेन्शन ही देणाऱ्याच्या मर्जीवर होती. देणारा म्हणेल तोवर. १८७१ चा पेन्शन कायदा आला तोही मुख्यतः अशाच देणग्यांसाठी, आणि त्यात अशा दाव्यांना दिवाणी कोर्टाचं दार जवळजवळ बंद होतं.

हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली आणि पगारी तालुकदार नेमले. पगारी नोकर आला की त्याच्या म्हातारपणाचा प्रश्न आला. तिथे पेन्शनला शब्द होता ‘वजीफा’. आमच्याकडच्या फार म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो अजून कधीमधी येतो. असे लोक जिल्ह्यात मोजकेच. बाकी सगळा जिल्हा शेती, बलुतं आणि मजुरीवर.

बाहेर जगात याच सुमाराला एक मोठी गोष्ट घडली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये कामगारांसाठी म्हातारपणाच्या विम्याचा कायदा झाला. पुष्कळ पुस्तकांत तुम्हाला वाचायला मिळेल की बिस्मार्कने निवृत्तीचं वय ६५ ठरवलं, कारण तो स्वतः ६५ चा होता. दोन्ही चुकीचं आहे. कायद्यात वय होतं ७०. ते ६५ झालं १९१६ मध्ये. आणि कायदा झाला तेव्हा बिस्मार्क चौऱ्याहत्तरचा होता. सिनॉप्सिसमध्ये ही गोष्ट उतरवून ठेवली असेल तर काढून टाका. कायद्यात खरी नवी गोष्ट कोणतं वय निवडलं ही नव्हती. वय हाच निकष झाला, ही होती. कामगार थकला आहे का हे बघायच्या ऐवजी त्याची जन्मतारीख बघायची.

आणि त्यासाठी आधी जन्मतारीख असावी लागते.

बीडमध्ये तारीखवाली माणसं कशी वाढली

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. माझ्या दृष्टीने बीडच्या निवृत्तीच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची तारीख आहे, कारण त्यानंतर गावोगाव प्राथमिक शिक्षक हा पगारी, सेवापुस्तकवाला माणूस पोचला. पाठोपाठ ग्रामसेवक, एस.टी.चे चालक-वाहक, पाटबंधारे खात्यातले लोक. शेतकऱ्या-मजुराच्या घरातला शिकलेला पहिला मुलगा बहुतेक वेळा गुरुजी झाला.

त्याच्या सेवापुस्तकात जन्मतारीख गेली ती शाळेच्या दाखल्यावरून. म्हणजे १ जून. आता नियम असा आहे की ज्या महिन्यात वय पुरं होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो, पण ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे ला निवृत्तीची लाट येते. मंगल कार्यालयात लग्नं आणि निरोप समारंभ एकमेकांना धडकतात. शाल, श्रीफळ, सपत्नीक सत्कार. (१ जुलैला वेतनवाढ असणाऱ्यांची शेवटची वेतनवाढ यात एका महिन्याने हुकते. हे दुःख कुठल्याही निवृत्त गुरुजींपुढे काढून बघा, अर्धा तास निघेल.)

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं वय ५८, चतुर्थ श्रेणीचं ६०. केंद्राने १९६२ मध्ये ५५ चं ५८ केलं आणि १९९८ मध्ये ५८ चं ६०. या आकड्यांमागे शरीरशास्त्र शोधू नका. आयुर्मान, बेरोजगारी, तिजोरी, संघटनांचा जोर, यांच्या ओढाताणीत ते ठरतात.

पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने ठामपणे मांडलं ते १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा खटल्यात. त्या खटल्याचा मुद्दासुद्धा तारखेचाच होता. वाढीव पेन्शन ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना द्यायची नाही, असं सरकारने ठरवलं होतं. कोर्टाने ती भिंत पाडली. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस अजून साजरा करतात. मग दुसरी तारीख आली : १ नोव्हेंबर २००५. तेव्हापासून नोकरीला लागलेल्यांना महाराष्ट्रात जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच झाला. एकाच स्टाफरूममध्ये बसणारे दोन शिक्षक, एकाच्या म्हातारपणाला आधार आहे, दुसऱ्याच्या म्हातारपणाला बाजारभाव. आणि तिसरा तासिका तत्त्वावरचा, ज्याला निवृत्तीच नाही. आपल्यातले बरेच जण त्या तिसऱ्या खुर्चीकडे निघालेत.

कोयता

आता दुसरा इतिहास. १९५० च्या शेवटी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहत गेले. कारखान्याला हंगामात रोज ताजा ऊस लागतो. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. स्थानिक मजूर पुरेनात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी या भागात, पावसाळ्यातल्या एका पिकानंतर काम नव्हतं. तिथली माणसं दिवाळीच्या आसपास निघायची आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परतायची. १९७२ च्या दुष्काळाने हा रस्ता कायमचा केला, असं पुष्कळ घरांत सांगतात.

या कामाचं एकक माणूस नाही. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती कोयत्याला देतो, आणि वहीत नाव लिहितो नवऱ्याचं. तुम्हाला ऊसतोड बाईच्या कामाचा इतिहास लिहायचा असेल, तर पहिली अडचण हीच. तिने वीस हंगाम तोडला तरी कुठल्याही कागदावर ती नाही. कारखान्यातल्या साखर कामगाराला हजेरीपट आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. त्याच कारखान्याला ऊस तोडून देणारी माणसं मधल्या ठेकेदाराची, मुकादमाची. कारखान्याच्या हजेरीपटावर ती नाहीत. त्यांच्या आयुष्यभराच्या नोकरीचा एकमेव दस्तऐवज म्हणजे मुकादमाची वही, आणि तीत नोंद आहे ती कामाची नाही, कर्जाची.

त्यामुळे इथे काम सुटायची रीत वेगळी आहे. हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या साली जाते. बाकी असताना कोयता खाली ठेवता येत नाही. ठेवलाच, तर तो पोरगा आणि सून उचलतात. वतनाच्या काळी घराण्याकडे हक्क चालत यायचा. इथे बाकी चालत येते.

शरीराचं काय होतं? २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, आणि एक दिवस खाडा पडला तरी कापला जाणारा पैसा. डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीतीही त्यात होती. पण आपल्या विषयाच्या बाजूने बघा. निवृत्ती म्हणजे शरीर थकतं म्हणून काम थांबवणं. इथे काम थांबू नये म्हणून शरीरातला एक भाग काढून टाकला गेला, तोही चाळिशीच्या आत किती जणींचा.

आमची मोठी चुलती दोन-तीन वर्षांपूर्वी तोडीला जायची थांबली. मी प्रश्नावलीची तालीम म्हणून तिला विचारलं, “काम कधी सुटलं?” ती म्हणाली, “कोयता सुटलाय बाई, काम कुठं सुटलंय.” सून-मुलगा कारखान्यावर असतात तेव्हा तीन नातवंडं, दोन शेळ्या, पाणी, स्वयंपाक, शाळेची वेळ, सगळं तिच्यावर. कार्तिक ते फाल्गुन डोंगरपट्ट्यातल्या गावांत गेलात तर अशा म्हाताऱ्या माणसांनी चालवलेली घरंच दिसतील. ती थांबली नसती तर मुलांना कोपीवर न्यावं लागलं असतं. म्हणजे ती ‘निवृत्त’ झाली म्हणून सुनेचा कोयता चालतो.

आणि मामा? ३१ मे ला हार घालून घरी आले, जूनच्या पहिल्या पावसाला शेतात उतरले. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी होणारी शेती आता पूर्णवेळ. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात तेवढ्यापुरते ते पेन्शनर. बाकी वर्षभर शेतकरी. “निवृत्त जीवन” आणि “पूर्णवेळ काम” या दोन खोक्यांत या दोघांनाही कसं टाकणार?

मग तुलना करायचीच नाही का?

करायची. पण आता थोडं आपल्या धंद्याचं बोलू.

विल्यम ओगल नावाचा इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातला संख्यातज्ज्ञ होता. १८८५ मध्ये व्यवसायनिहाय मृत्यूंचे आकडे मांडताना त्याला एक अडचण जाणवली. अंगमेहनतीच्या धंद्यात शिरतात तीच माणसं मुळात धडधाकट असतात, आणि आजारी पडली की तो धंदा सोडतात. त्यामुळे कुठल्याही दिवशी मोजलं तरी जड काम करणारे ठणठणीत दिसतात. यालाच पुढे ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’ म्हणू लागले. बीडमध्ये ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. पंचावन्नाव्या वर्षी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढणारा माणूस तब्येतीने उत्तम असणारच, नाहीतर तो तिथे नसता. ज्याची पाठ गेली तो गावी आहे. तुम्ही दोघांना प्रश्नावली दिलीत, तर निष्कर्ष निघेल की काम सोडलेल्यांची तब्येत वाईट, म्हणजे काम सोडणं तब्येतीला वाईट. कारण आणि परिणाम उलटे झाले.

शिक्षकाचं तसं नाही. त्याला निवृत्त केलं ते तारखेने. पाठ ठीक असो वा नसो, ३१ मे म्हणजे ३१ मे. म्हणून निवृत्तीचा तब्येतीवर, खर्चावर, झोपेवर परिणाम काय होतो हे बघायला तारखेची निवृत्ती फार उपयोगी. ५८ च्या थोडं अलीकडचे आणि थोडं पलीकडचे यांची तुलना करायची. याला ‘रिग्रेशन डिसकंटिन्युइटी’ म्हणतात. १९६० मध्ये थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी शिष्यवृत्तीच्या गुणांवर ती पहिल्यांदा वापरून दाखवली.

पण बीडमध्ये ती जशीच्या तशी लावाल तर फसाल, आणि इथेच गुरुजींचा १ जून परत येतो. कागदावर ५८ चा झालेला माणूस खरा ५६ चा असेल किंवा ६० चा. निवृत्ती कागदाच्या वयाने होते आणि गुडघे खऱ्या वयाने दुखतात. म्हणून नोकरीतला बदल मोजताना कागदाचं वय घ्या आणि तब्येत मोजताना त्यावर विसंबू नका. दुसरं, १ जून ही तारीख सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. ज्या घरात जन्म टिपून ठेवणारं कुणी होतं, पंचांग होतं, पत्रिका होती, त्या घरातल्या मुलाची तारीख १४ ऑगस्ट किंवा २७ जानेवारी असते. १ जूनवाला बहुधा त्या घरातला पहिला शिकलेला. म्हणजे ३१ मे ला निवृत्त होणारे आणि बाकीच्या महिन्यांत निवृत्त होणारे, यांच्यात जातीचा, जमिनीचा, आईबापाच्या शिक्षणाचा फरक आधीच दडलेला आहे. हे लक्षात न घेता महिनानिहाय तुलना केलीत तर तुम्ही निवृत्ती न मोजता घराणं मोजाल.

वय खरं काढायचं असेल तर आकडा विचारू नका. लोकांना विचारलं की पन्नास, पंचावन्न, साठ अशीच उत्तरं येतात. हा ढिगारा किती मोठा आहे हे बघायला ‘व्हिपल निर्देशांक’ आहे : २३ ते ६२ वयांतले ज्यांचं वय शून्य किंवा पाचाने संपतं असे लोक मोजायचे, त्याला त्या वयोगटातल्या एकूण संख्येच्या एक पंचमांशाने भागायचं, शंभराने गुणायचं. १०० आलं तर ठीक. ५०० आलं तर सगळेच गोल आकडा सांगताहेत. वयाच्या ऐवजी प्रसंग विचारा. पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढे होता? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता की घरी सुकडी खात होता? किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ला, तुमचं थोरलं लेकरू केवढं होतं? दोन-तीन प्रसंग जुळले की वय वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने हाती लागतं.

तसंच “तुम्ही काम करता का?” हा प्रश्न. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी तर सीमांतिक. तोडीचा हंगाम साधारण या सहा महिन्यांच्या रेषेवरच संपतो. पाऊस लवकर आला, ऊस कमी झाला, तर तोच माणूस त्या साली दुसऱ्या रकान्यात. काम न करणाऱ्यांतही ‘पेन्शनर’ वेगळा आणि ‘अवलंबित’ वेगळा. माझी चुलती अवलंबित भरते. मी तो प्रश्न काढून टाकला आणि “काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?” एवढंच ठेवलं. राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीची २०१९ ची पद्धत याच जातीची आहे, ती बघून घ्या.

एक शेवटचा कागद. ६५ पूर्ण झालेल्या निराधारांसाठी राज्य सरकारची एक योजना आहे. तिचं पूर्ण नाव ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’. महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. नाव नीट वाचा. ज्यांना कधी वेतन नव्हतं आणि ज्यांना कुणी निवृत्त केलं नाही, त्यांना सरकार निवृत्तिवेतन देतं. त्यासाठी वयाचा पुरावा लागतो, आणि तिथे १ जानेवारीवाले अडतात. शाळेचा दाखला नसेल तर मतदार यादीतलं वय किंवा सरकारी डॉक्टरचा दाखला चालतो. पण आधारवर अंदाजाने टाकलेलं वय चार वर्षांनी कमी असेल, तर चार वर्षं हेलपाटे. चुलतीचं तेच चाललंय. तिच्या आधारवर ती साठची आहे. बहात्तरला ती खडीच्या कामावर टोपली उचलत होती, असं ती आणि तिच्या वयाच्या दोघीजणी सांगतात. तलाठ्याला ते पुरत नाही.

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत आता ग्रामसेवकांकडून नोंदणी होऊन ओळखपत्रं दिली जाताहेत. पहिल्यांदाच ऊसतोड हा धंदा नावानिशी सरकारी कागदावर येतोय, बायकांच्या स्वतंत्र नावासकट. तीस वर्षांनी कुणी संशोधन करेल तेव्हा त्याच्या हाती ही यादी असेल. तिच्यातल्या जन्मतारखा आत्ताच तपासून ठेवा, असं मी भेटेल त्या ग्रामसेवकाला सांगते.

तुम्हाला हा विषय घ्यायचा असेल तर सुरुवात जनरल रजिस्टरपासून करा. मुख्याध्यापकांना विभागप्रमुखांचं पत्र लागतं, ते आधी तयार ठेवा. मार्चअखेर आणि मे टाळा, मे मध्ये निम्मी शाळा निरोप समारंभात असते. दिवाळी झाली की जा. शाळा शांत असते, कारण कोयता निघून गेलेला असतो, आणि त्या वेळी पटावर कोण आहे, कोण नाही, हेही तुम्हाला फुकटात बघायला मिळेल.